सोळा पिसं

"म्हणजे तुम्ही हे घेणारच नाही?" तेजलनं तिसऱ्यांदा विचारलं.

तिच्या तळहातावर बॅडमिंटनचं फूल होतं. पांढरंशुभ्र, सोळाच्या सोळा पिसं जागच्या जागी.

इलाही उस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर लाकडी घोडीवर तेजलचीच रॅकेट आवळलेली होती, निम्मी विणून झालेली. तार भोकातून घालायची, ओढायची, चिमट्यात धरायची. मध्येच नखानं छेडून कान तिरका करायचा. आवाज पटला की पुढची तार.

"उस्ताद, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकतोय की."

"मग हात पुढं करा ना."

हात काही पुढं झाला नाही.

आता ही जागा कुठली ते सांगायला हवं. सांगलीच्या पेठेमागं हळदीची एक जुनी वखार आहे. हळद जाऊन चाळीस वर्षं झाली, पण भिंती अजून कमरेपर्यंत पिवळ्या आहेत, आणि पाठ टेकली की सदरा पिवळा होतो. आत एकच कोर्ट. बाहेरगावचे लोक बघून हसतात. हसू देत. याच कोर्टावर इलाही उस्तादांनी तीस वर्षं पोरं घडवली. घराणं मिरजेचं, सतारी-तंबोरे करणाऱ्यांचं. यांना तरुणपणी या खेळाचं वेड लागलं आणि बापानं बोलणं टाकलं. पुढं तारेवरचा तोच हात रॅकेटीवर आला.

वखारीची एक रीत आहे. बाहेर जाऊन कुणी मोठा सामना जिंकला, की त्या सामन्याचं शेवटचं फूल उस्तादांकडे आणायचं. उस्ताद ते दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात, आणि दाराशी टांगलेल्या तंबोऱ्याच्या तारेत ओवतात. एकेचाळीस फुलं होती त्या तारेत. सात एकट्या तेजलची.

आठव्याला उस्ताद हात लावत नव्हते.

तेजल मगदूम वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या ॲकॅडमीत गेली, आणि गेल्या वर्षी कॉलेज बाजूला ठेवून खेळ हाच आपला धंदा म्हणून उतरली. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. गावोगावच्या स्पर्धा, आणि जाईल तिथं पहिल्या नाही तर दुसऱ्या फेरीत गाशा गुंडाळायचा. घरी फोन करायचीसुद्धा तिला लाज वाटायची. मग पंधरा दिवसांपूर्वी पुण्यात निवड स्पर्धा झाली. जी जिंकेल तिला कोलंबोच्या स्पर्धेचं तिकीट. तेजल जिंकली! या वखारीतून परदेशी खेळायला जाणारी ती पहिली. उद्या सकाळची गाडी होती. पेपरात फोटो आला, चौकात फलक लागला, आईनं गल्लीभर पेढे वाटले. आणि हे म्हातारबाबा फूल घेईनात.

"शेवटच्या पॉइंटचंच आहे," ती म्हणाली. "शप्पथ."

"असंल की."

"मग?"

"ह्याच्या आधीचं कुठाय?"

"कुठलं आधीचं?"

"एकोणीस-अठरा असताना बदललंस ते."

...

तेजलच्या तोंडचं पाणी पळालं. उस्ताद पुण्याला आले नव्हते. गुडघ्यामुळं तीन वर्षांत ते पेठेच्या बाहेर पडले नव्हते. सामना कुठं दाखवलाही नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फुलानं."

त्यांनी हनुवटीनं दाराकडे खूण केली.

तेजलनं वळून तारेकडे पाहिलं. आत येताना घाईत तिचं लक्षच गेलं नव्हतं. तारेच्या टोकाला बेचाळिसावं फूल होतं. दोन पिसं मोडलेली.

ते तिनं लगेच ओळखलं. कसं ओळखणार नाही?

"हे... इथं कसं आलं?"

"शमिकानं आणलं."

शमिका ऐनापुरे. अंतिम सामन्यात तेजलनं हरवलं ती हीच. तीही याच वखारीतली, तेजलहून चार वर्षांनी मोठी. सात वर्षांच्या तेजलला हाताला धरून या कोर्टावर पहिल्यांदा आणणारीसुद्धा हीच. स्पर्धेत ती दुसरी आली, म्हणून राखीव. तेजल गेली नाही तर शमिका जाणार. पण तेजल का जाणार नाही? त्यामुळं पुण्याहून आल्या आल्या शमिकानं रॅकेट माळ्यावर टाकली. घरच्यांनी आधीच बजावलं होतं, की हे शेवटचं वर्ष. आता ती रोज पाचला वखारीत येऊन लहान पोरांना शिकवत होती.

"हरलेल्यानं फूल आणायची रीत न्हाई," उस्ताद सांगू लागले. "म्हणाली, मला ठाऊक आहे उस्ताद. पण ह्याच्यावर मी एकोणीस-अठरा पुढं होते. टाकलेल्या फुलांच्या खोक्यातून शोधून आणलंय. घ्याल का? ...मी घेतलं."

"आणखी काय म्हणाली?"

"चांगलं फूल होतं म्हणाली. तुटलं बिचारं."

तेजलनं श्वास सोडला. सुटला तो तिच्या नकळत, पण उस्तादांनी ऐकला. कान तयार होता त्यांचा, तारेची कुरकुरसुद्धा ऐकणारा.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. तारेतून ते बेचाळिसावं फूल काढून आणलं आणि तेजलच्या डोळ्यांसमोर धरलं.

"फटक्यानं गेलेलं पीस बाहेर फाटतंय," ते म्हणाले. "हे आत मोडलंय. शेजारशेजारची दोन. आणि ही बघ, नखाची खूण."

...

तिसरा गेम. शमिका एकोणीस, तेजल अठरा. आत्ताच संपलेली रॅली चाळीस फटक्यांची होती, आणि तेजलच्या छातीत भाता चालला होता. पलीकडे शमिका सर्व्हिसच्या जागी येऊन उभीसुद्धा राहिली होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते तेजलनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती जिंकणार होती. दोघींनाही ते कळलं होतं. फूल तेजलच्या बाजूला पडलं होतं. ते उचलताना तिची पाठ पंचांकडे होती. तिनं अंगठा दाबला. बारीकसा आवाज झाला, तिलाच ऐकू येईल एवढा. मग वळून तिनं फूल पंचांना दाखवलं. पंचांनी मान डोलावली. नवं फूल येईपर्यंत तिनं घाम पुसला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. अर्धं मिनिट झालं असेल. नव्या फुलावर शमिकाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. मग एक स्मॅश बाहेर. मग नेटजवळ तेजलचा हलका फटका.

एकवीस-एकोणीस.

"सगळेच करतात, उस्ताद." तिचा आवाज चढला. "तुम्हाला बाहेरचं जग माहीत नाही. तिकडं कुणी नाडी बांधतं, कुणी दहादा घाम पुसतं, कुणी फूल बदलतं. ह्याला खेळ समजणं म्हणतात."

"बरं."

"बरं काय? वर्षभर मी कसे दिवस काढलेत ते मला विचारा. पहिल्या फेरीत हरायचं, एकटीनं बस पकडायची, रात्रभर खिडकीशी रडत यायचं. एकदा, फक्त एकदा केलं मी हे."

"बरं."

"आणि अंगठा?" ती एकदम म्हणाली. "हा अंगठा मला कुणी शिकवला?"

फूल धरलेला उस्तादांचा हात खाली आला.

खरं होतं तिचं. वखारीला नवी फुलं कधी पुरली नाहीत. दर रविवारी उस्ताद चहाची किटली उकळत ठेवायचे, आणि पोरं तिच्या वाफेवर आठवड्याची फुलं सरळ करायची. कुठलं पीस जगेल आणि कुठलं गेलं, हे डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं ओळखायचं. त्यात सगळ्यात हुशार तेजल. पीस किती दाबलं की मोडतं, हे तिच्याइतकं नेमकं त्या पुण्याच्या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं.

उस्तादांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मी शिकवला," ते म्हणाले.

...

तेजलला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर तिनंही उलटून चार शब्द सुनावले असते आणि गेली असती निघून. पण म्हातारा असा खाली मान घालून उभा राहिला की तिला गलबलून आलं. राग तर होताच. तो कुणावर काढावा हे कळेना.

"मग काय करू म्हणता? नाव मागं घेऊ? पाच वाजेपर्यंत मेल करता येतो. घेते! मी घरी बसते, जाऊ दे शमिकाताईला. झालं समाधान?"

"मी म्हणालो तसं?"

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

उस्तादांनी मोडकं फूल तिच्या हातावर ठेवलं.

"दुरुस्त कर."

एवढंच बोलून ते पुन्हा रॅकेटीपाशी बसले. तार घातली, ओढली, छेडली.

तेजल उभीच राहिली. निघून जावं? दार उघडंच होतं. कुणी अडवलं नव्हतं. उद्या सकाळी गाडीत बसली की सांगली मागं, वखार मागं. उस्ताद कुणापाशी एक शब्द बोलणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याचाच जास्त जाच होत होता.

तिनं बूट काढले आणि कोपऱ्यात किटली ठेवली.

काम तिच्या हातांना येत होतं. दोऱ्याचे दोन वेढे सोडवायचे. मोडलेलं पीस बुचातून उपटायचं. दुसरं पीस त्याच भोकात बसवायचं, सरस लावायचा, वाफ द्यायची, दोरा पुन्हा घालायचा. दोन्ही मोडकी पिसं तिनं उपटली. आता दोन चांगली हवीत.

उस्तादांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी पिसं होती, मोप. तिनं त्यातली दोन निवडली, बसवली, आणि फूल वर उडवून पाहिलं.

ते लडखडत खाली आलं.

"जुनी पिसं वाळलीत," उस्ताद न बघता म्हणाले. "चौदा ओली, दोन वाळकी. गिरकी कशी घेईल?"

"माझ्या बॅगेत नवा डबा आहे." तिनं तो काढला, त्यातल्या एका फुलाचं पीस चिमटीत धरलं... आणि सोडलं. तिच्या अंगठ्यानंच तिला सांगितलं. हे फूल दुसऱ्या बनावटीचं, पीस जाड. जमायचं नाही.

मग कुठून आणायचं? स्पर्धेत वापरलेल्या डब्यातलंच हवं. त्याच डब्यातलं, तितकंच ताजं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं.

तसं फूल या वखारीत एकच होतं. तिनं मघाशी बाकावर ठेवलेलं. पांढरंशुभ्र, सोळाच्या सोळा पिसं जागच्या जागी.

...

उस्तादांनी तार ओढायची थांबवली होती.

तेजल त्या फुलाकडे बघत बसली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पॉइंट होता तो. नेटजवळचा तो हलका फटका, पलीकडे गुडघ्यावर बसलेली शमिका, आणि टाळ्या. वर्षभर ज्याच्यासाठी रडली ते सगळं एवढ्याशा बुचावर उभं होतं. पुण्याहून येताना ते मोडू नये म्हणून तिनं ते डब्यात, डबा ओढणीत आणि ओढणी मांडीवर ठेवून आणलं होतं.

तिनं ते उचललं. दोऱ्याचे वेढे सोडवले. डोळे भरले होते म्हणून हात जरा चुकला, पण पीस अखंड निघालं.

एक.

मग दुसरं.

मोडक्या फुलाची दोन रिकामी भोकं भरली. सरस लावला. वाफ दाखवली. दोरा घालताना शेवटची गाठ तिला एकटीला बसेना, तेव्हा उस्तादांनी न सांगता बोट पुढं केलं आणि गाठ दाबून धरली. लहानपणी धरायचे तसं.

मग दोघंही सरस सुकायची वाट बघत बसले. वखारीत फक्त किटलीचा आवाज होता.

"मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल," तेजल म्हणाली.

"वाटलं?"

"दोन दिवस वाटलं."

उस्तादांनी किटली खाली उतरवली. त्यांनी हात पुढं केला.

"आण ते."

"कुठलं? हे अजून ओलं आहे."

"ते न्हवं. तुझं."

तिचं, म्हणजे चौदा पिसांचं. एका बाजूला खिंडार पडलेलं. तेजलनं चाचरत ते त्यांच्या हातावर ठेवलं. उस्तादांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, दाराशी गेले आणि बेचाळिसाव्याच्या रिकाम्या जागी ओवलं.

तेजल बघतच राहिली. अखंड होतं तेव्हा तीनदा नाकारलं, आणि आता...

"उस्ताद, हे का घेतलंत?"

उस्तादांनी रॅकेटीची शेवटची तार ओढली, गाठ मारली, आणि तळव्यानं जाळी थोपटली. वखारभर स्वच्छ आवाज घुमला. त्यांनी रॅकेट तिच्या हातात दिली.

"कोण आलंय बघ," ते म्हणाले.

दारात शमिका उभी होती. पाचची शिकवणी, पण पोरं यायच्या आधी नेट बांधायला ती नेहमीच लवकर यायची. तेजलला बघून ती हसली. ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं, पण आणलं होतं खरं.

"काय गं तेजा, उद्या निघालीस ना? भरली का बॅग?"

तेजलला वाटलं आता बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही. तिनं दुरुस्त केलेलं फूल उचललं आणि शमिकासमोर जाऊन उभी राहिली.

"शमिकाताई, हे तुटलं नव्हतं. मी मोडलं."

"काय?"

"एकोणीस-अठराला. माझा दम संपला होता. तू जिंकणार होतीस. मी पाठ वळवली आणि अंगठ्यानं मोडलं."

...

शमिकाच्या तोंडावरचं हसू गेलं. नेटचा दोर तिच्या हातात होता, तो ती बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "पंधरा दिवस मी झोपलेली नाही, तेजल. एकोणीसपर्यंत माझा हात बरोबर होता, मग मलाच काय झालं? सर्व्हिस नेटमध्ये. स्मॅश बाहेर. मला वाटलं, मी भित्री आहे. मोक्याच्या वेळी कच खाते. आईला तसंच सांगितलं मी. माझ्यात ते नाहीच गं आई, असं म्हणाले. अगं, मी माळ्यावर टाकली रॅकेट!"

"ताई..."

"ताई म्हणू नकोस."

तिनं एक थोबाडीत दिली असती तर तेजलला बरं वाटलं असतं. पण शमिकानं तिच्या हातातलं फूल घेतलं. डोळे पुसले, आणि सवयीनं अंगठा पिसांवरून फिरवत नेला. तीही याच वखारीतली ना! सोळा पिसं मोजून ती दोन पिसांपाशी थांबली.

"ही दोन नवी. कुठली घातलीस?"

तेजलनं दाराकडे बोट केलं. तारेच्या टोकाला ते चौदा पिसांचं फूल लोंबत होतं.

शमिकानं जाऊन त्याच्या खिंडारावरून बोट फिरवलं.

"मी नाव मागं घेते," तेजलनं फोन काढला. "मेल लिहिते आत्ताच. जागा तुझी आहे. कारणही लिहिते, खरं काय ते. साडेचार होत आलेत, पाचच्या आत..."

"ठेव तो फोन."

"अगं पण..."

"ठेव म्हटलं ना! मी दान घ्यायला आलेली नाही इथं." शमिकानं तिच्या नजरेला नजर दिली. "कोलंबो तर हवंच आहे मला, का नको असेल? पण त्याच्या आधी मला तो पॉइंट हवा होता. जिंकले असते, नाहीतर हरले असते. पण माझ्या हातानं. तो तू मला खेळूच दिला नाहीस."

तेजलनं हातातल्या फोनकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिनं सगळं खरं खरं लिहिलं, पाठवलं मात्र नाही. फोन तसाच बाकावर ठेवला.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. पाचला अजून अर्धा तास आहे."

शमिकानं नेटचा दोर खेचला आणि खुंटीला घट्ट बांधला. कोपऱ्यातल्या पोरांच्या रॅकेटींतली एक उचलली, हवेत दोनदा फिरवली, नाक मुरडलं. तेजलनं आपल्या हातातली, आत्ताच विणलेली रॅकेट तिच्यापुढं धरली. शमिकानं एकदा उस्तादांकडे पाहिलं आणि ती घेतली. तेजलनं पोरांची घेतली.

दोघी आपापल्या बाजूला गेल्या. तेजलच्या छातीत धडधडत होतं. पुण्यातही एवढं धडधडलं नव्हतं. जिंकावं असं वाटत होतं, अगदी आतून वाटत होतं, आणि त्याची आज तिला लाज वाटत नव्हती.

भिंतीशी हळदीच्या वखारीतलं जुनं उंच स्टूल होतं, पोती मोजणारा माणूस बसायचा ते. उस्ताद तिथं गेले. गुडघ्यामुळं तीन वर्षांत ते त्यावर चढले नव्हते. आज एक हात भिंतीला लावत, थांबत, कण्हत, चढले. दोघी धावल्या तेव्हा त्यांनी हातानंच मागं जा म्हटलं.

बसले. सदऱ्याची पिवळी झालेली बाही झटकली. आधी शमिकाकडे पाहिलं, मग तेजलकडे.

"उस्ताद," तेजलनं खालून विचारलं, "मी जिंकले तर? मग त्या मेलचं काय करायचं?"

उस्तादांनी डावा हात शमिकाच्या बाजूला सरळ केला.

"एकोणीस-अठरा," ते म्हणाले. "सर्व्हिस शमिका. खेळा."